ख्रिस्ती मित्र आपल्याला येशूबद्दल का सांगतो?

हर्णैच्या बाजूला राहणाऱ्या एका तरुण शिक्षकाने मला विचारलं आहे: "माझा एक ख्रिस्ती मित्र आहे. शाळेपासूनची मैत्री. गणपतीत तो आमच्याकडे असतो, नाताळात मी त्याच्याकडे. अलीकडे तो मला येशूबद्दल सांगायला लागलाय, रविवारच्या उपासनेलाही बोलावतो. आमच्यात कोणी कोणाला 'आमच्या देवाकडे ये' म्हणत नाही. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल यहुदी शेकडो वर्षं आपल्या शेजारी राहिले, त्यांनीही कोणाला बोलावलं नाही. मग ख्रिस्ती माणसालाच हे सांगावंसं का वाटतं? आणि मी गेलो नाही तर आमच्यात काही बिनसेल का?"

मी पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांत माझं आयुष्य गेलं. आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी आणि कशी देऊ नये हे मंडळीतल्या तरुणांना शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. तेव्हा हा प्रश्न मला दुसऱ्या बाजूने रोज भेटतो.

आधी मुळाशी जाऊ. आमचा विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर उभा आहे. पिलात नावाचा रोमी सुभेदार यहूदियावर असताना येशूला यरुशलेमेच्या वेशीबाहेर वधस्तंभावर खिळलं, तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली, आणि ज्यांनी त्याला पुन्हा जिवंत पाहिलं ते गप्प बसू शकले नाहीत. पहिल्यांदा हे सांगायला धावल्या त्या स्त्रिया होत्या, आणि शिष्यांना त्यांचं बोलणं आधी निव्वळ बडबड वाटलं. पुढे पौल नावाच्या प्रेषिताने, म्हणजे येशूच्या दूताने, करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात कोणाकोणाला येशू दिसला ते तो ओळीने सांगतो. एकदा तर पाचशेहून जास्त जणांना दिसला, त्यातले बरेच अजून हयात आहेत, असं लिहितो. आणि पुढे जाऊन म्हणतो की ख्रिस्त उठलाच नसेल तर आमचं सांगणंही फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. हे वाक्य मी तरुणांकडून पाठ करून घेतो. साधनेचा एखादा मार्ग असता तर ज्याचा त्याने आपल्या घरी सांभाळला असता, कोणाला न सांगताही तो पुरा झाला असता. घडलेल्या गोष्टीचं तसं नसतं. ती खोटी असेल तर आम्ही आजच तोंड मिटावं. खरी असेल तर ती एकट्या यहुद्यांची राहत नाही, गोऱ्यांची राहत नाही, माझ्या मंडळीचीही राहत नाही.

येशूने आज्ञा दिली म्हणून आम्ही सांगतो, हेही खरं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, शेवटच्या अध्यायात गालीलातल्या डोंगरावर तो शिष्यांना म्हणतो की जा, सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. पण नुसत्या आज्ञेपोटी बोलणारा माणूस ऐकवत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्याच्या बोलण्यात वसुलीला आलेल्या माणसाचा सूर असतो. पेत्र आणि योहान या शिष्यांना यहुद्यांच्या सभेपुढे उभं करून दटावलं, तेव्हा ते नुसत्या आज्ञेवर थांबले नाहीत. जे पाहिलं आणि ऐकलं ते बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही, असं ते म्हणाले. पौलही तेच सांगतो, ख्रिस्ताची प्रीती आम्हाला गप्प बसू देत नाही. तुमच्या मित्राचं असंच काही असावं. त्याच्या आयुष्यात काय घडलं ते मला ठाऊक नाही. ते त्यालाच विचारा, आणि त्याला सावकाश सांगू द्या.

शिकवताना मी नेहमी मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घेतो. सरोवराच्या पलीकडच्या काठावर, थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा एक माणूस येशूने बरा केला. येशू परत निघाला आणि मचव्यात चढू लागला, तेव्हा त्या माणसाने मलाही सोबत घे म्हणून विनवलं. येशूने त्याला घेतलं नाही. आपल्या घरी जा, आपल्या माणसांकडे जा, देवाने तुझ्यावर केवढी दया केली ते त्यांना सांग, असं म्हणून त्याला किनाऱ्यावरच ठेवलं. किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला हा प्रसंग लगेच कळतो, मचवा निघून गेल्यावर मागे राहणं म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावं लागत नाही. या माणसाला येशूने कुठे पाठवलं ते पाहा. परमुलखात नाही, वादसभेत नाही. जे त्याला लहानपणापासून ओळखत होते, ज्यांनी त्याचे वाईट दिवस पाहिले होते, त्यांच्याकडेच. तुमचा मित्र तुमच्याकडे आला तो याच रस्त्याने.

आता बेने इस्राएलांचं. हे उदाहरण तुम्ही दिलंत याचा मला आनंद झाला, कारण त्याचं उत्तर आमच्या शास्त्राच्या अगदी आत आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, एवढ्या पिढ्या या किनाऱ्यावर राहून त्यांनी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सोडला नाही. त्यांनी कोणाला बोलावलं नाही यात स्वार्थ नव्हता. देवाने एका कुळाशी केलेला करार आपल्या हातून मोडू नये, ही त्यांची निष्ठा. पण त्याच कराराच्या आरंभी अब्राहामाला दिलेलं वचन आहे की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सर्व कुळं आशीर्वाद पावतील. हे वचन येशूमध्ये पुरं झालं, आता दार सगळ्यांना उघडं आहे, असं आम्ही मानतो. यहुदी तसं मानत नाहीत. आमच्यातला मूळ फरक हा आहे.

हे दार पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हौसेने उघडलेलं नाही. पेत्र यापो बंदरात, समुद्रकाठी घर असलेल्या एका चांभाराकडे उतरला होता. परक्याच्या घरात पाऊल टाकायची त्याची तयारी नव्हती. दर्शनात देवाने त्याला तीनदा बजावलं, मग कर्नेल्य नावाच्या रोमी सेनाधिकाऱ्याकडून बोलावणं आलं तेव्हा तो निघाला. नंतर यरुशलेमेत यावर मोठी सभा भरली आणि वादही झाला. म्हणजे आपलं आपल्यापाशी ठेवावं ही ओढ आमच्या प्रेषितांनाही होतीच. ते तिथेच थांबले असते तर आज मी ख्रिस्ती नसतो.

तुमच्याच भागातला एक इतिहास सांगतो. स्कॉटिश मिशनचे पहिले लोक १८२३ मध्ये बाणकोटला आले, नंतर हर्णैला त्यांचं ठाणं झालं. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज मुंबईत चौपाटीवर उभं आहे, १८२९ मध्ये हिंदुस्थानात उतरल्यावर मराठी शिकायला आधी इकडेच आले. या लोकांनी गावोगाव शाळा काढल्या. मिशनच्या शाळांत बेने इस्राएलांची मुलं पुष्कळ होती. विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीत छापलं, कारण या मुलांना आपल्या पूर्वजांची भाषा येत नव्हती. परिणाम काय झाला? ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. बाकीचे हिब्रू शिकले, आपलं शास्त्र मराठीत वाचू लागले, आणि पहिल्यापेक्षा अधिक जाणते यहुदी होऊन आपल्या सिनगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, परतले. मिशनला हे अपेक्षित नव्हतं. तरी माझ्या लेखी ती मेहनत वाया गेलेली नाही. देवाचं वचन एखाद्याच्या हातात देणं एवढंच आमचं काम, तो माणूस त्याचं काय करेल हे आमच्या हातात कधीच नव्हतं. पौल म्हणतो, मी लावलं, अपुल्लोस नावाच्या दुसऱ्या प्रचारकाने पाणी घातलं, वाढ मात्र देवाने केली. ज्याला हे पटलंय तो शेजाऱ्यावर जोर करत नाही, कारण निकालाची जबाबदारी त्याच्या डोक्यावर नसते.

जोर झाला तो इतिहासही याच किनाऱ्यावर आहे, आणि तो मी टाळणार नाही. पोर्तुगीजांच्या अमलात गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं. देवळं पाडली, लोकांवर जुलूम झाले, गावंच्या गावं घर सोडून निघाली. चौल आणि वसईवरही त्यांचीच सत्ता होती. येशूच्या नावाने झालेलं ते पाप होतं. 'तो काळच तसा होता' म्हणून त्यावर पांघरूण घालणारे लोक आमच्यात आहेत, मला ते मान्य नाही. ज्याच्या नावाने ते केलं त्याने कोणाच्याही मानेवर हात ठेवला नव्हता. एका श्रीमंत माणसाकडे पाहून येशूला त्याच्याबद्दल प्रेम वाटलं, असं मार्काने लिहिलंय, तरी तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही. रोमन कॅथोलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, १९६५ मध्ये, सक्तीने किंवा गैर मार्गाने कोणाला विश्वासात आणू नये असं स्पष्ट लिहून ठेवलं. ते फार उशिरा झालं, पण झालं.

त्याच इतिहासातली दुसरी बाजूही पाहा. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, पाठोपाठ चौल-कोर्लईहूनही पोर्तुगीज गेले. सत्तेच्या धाकानेच लोक ख्रिस्ती राहिले असते तर त्यानंतर ते राहायचं कारण नव्हतं. कोर्लईचं गाव आजही आपली जुनी पोर्तुगीज मिश्र बोली बोलतं आणि आपल्या चर्चमध्ये जातं. वसईचे ख्रिस्ती आपली वाडवळी, सामवेदी बोली आणि आपला विश्वास दोन्ही सांभाळून आहेत. धाक उठल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या जे टिकतं ते माणसाने मनापासून आपलं मानलेलं असतं.

पैशाचा आरोप तुम्ही केलेला नाही, पण तो तुमच्याही कानावर आला असेल, म्हणून बोलतो. गरीब माणूस ख्रिस्ती झाला की लोक म्हणतात, तांदळासाठी झाला. या बोलण्याचं मला फार दुःख होतं. गरिबाला पोट असतं, बुद्धी नसते, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. ज्या माणसाला गावाने पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्याला देवाच्या घरात माणूस म्हणून जागा मिळते असं कळलं, तर त्याने तांदूळ मोजून निर्णय घेतला असं म्हणायचा कोणाला अधिकार आहे? तरीही आमिषाचा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या शास्त्राने त्यावर कडक भाषा वापरली आहे. येशूने हजारोंना भाकरी खाऊ घातल्या, काहीही अट न घालता. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा शोधत आले तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं की तुम्ही भाकरी खाल्ल्या म्हणून माझ्याकडे आलात. मग तो असं कठीण बोलला की पुष्कळ जण सोडून गेले, आणि त्याने उरलेल्या बारांनाही विचारलं, तुम्हालाही जायचंय का? आम्हाला यातून दोन्ही शिकायचं आहे. भुकेल्याला द्यायचं ते द्यायचंच, तो ख्रिस्ती होवो न होवो. आणि देण्याच्या जोरावर कोणाला विश्वासात ओढायचं नाही. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने दवाखाना चालवला, तिथे उपचार घेतलेल्या घरांतली बहुतेक आजही हिंदूच आहेत. दवाखाना काढला तो रोग बरे करायला.

ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या घरात काय होतं, हेही तुमच्या मनात असणार. नारायण वामन टिळकांचं चरित्र इथे उपयोगी पडेल. ते आपल्या कोकणातले, जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन माणसाशी त्यांचं बोलणं झालं, त्याने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, वाचायला दिला. त्या माणसाने केलं ते एवढंच. टिळक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले, मनात झगडत राहिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आभाळ कोसळलं. नवरा-बायको वेगळे राहिले. त्यांचं दुःख छोटं करून सांगणाऱ्या कोणाही प्रचारकावर माझा विश्वास नाही. पण टिळकांनी बायकोला ओढून नेलं नाही. लक्ष्मीबाई आपल्या वेळेने, आपल्या डोक्याने विचार करून, काही वर्षांनी स्वतः त्या निर्णयापर्यंत आल्या. टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. संतांच्या मराठीवर त्यांचं प्रेम होतं ते शेवटपर्यंत राहिलं, आणि आम्ही उपासनेत आजही त्यांची भजनं टाळ-पेटीवर म्हणतो.

मग ख्रिस्ती माणूस दुसऱ्याला कमी समजतो का? काही जण तसं बोलतात आणि दुखावतात. आमचं शास्त्र त्यांच्या बाजूने नाही, कारण सगळ्यांनी पाप केलंय या वाक्यात सांगणारा आधी येतो. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हेही झाकणार नाही की येशूशिवाय दुसऱ्या कोणात तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही, असं पेत्राने उघड सांगितलं आणि आम्ही ते मानतो. ज्यांनी त्याचं नाव कधी ऐकलंच नाही त्यांचं काय, यावर ख्रिस्ती लोकांत मतं वेगळी आहेत. कॅथोलिक शिकवण अशी की आपल्या दोषाशिवाय जो अजाण राहिला आणि मनापासून देवाला शोधत राहिला, त्यालाही तारण मिळू शकतं. आमच्या प्रॉटेस्टंटांत काही जण यापेक्षा कठोर आहेत. मी स्वतः न्यायाचं काम देवावर सोडतो आणि माझं सांगण्याचं काम करतो. एवढा मोठा दावा मनात ठेवून तुमचा मित्र तुमच्यापाशी गप्प राहिला असता, तर मला त्याच्या मैत्रीची काळजी वाटली असती.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आपला धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं की यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मला हे खटकत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे माणसाचं मन देवच बदलतो.

आमच्या तरुणांना मी काय सांगतो, तेही तुम्ही जाणून घ्या, म्हणजे तुमचा मित्र त्याबाहेर गेला तर तुम्हाला ओळखता येईल. शेजाऱ्याच्या देवाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. इफिस शहरात पौलाविरुद्ध दंगल झाली तेव्हा तिथला नगरलेखकच जमावाला म्हणाला की या माणसांनी आपलं देऊळ लुटलं नाही, देवीची निंदाही केली नाही. पौल तिथे दोन वर्षांहून जास्त शिकवत होता, तरी विरोधी बाजूचा माणूस ही ग्वाही देऊ शकला. लहान मुलांना आई-बापांच्या नकळत काही शिकवायचं नाही. आजारी माणसाच्या खाटेपाशी, त्याने विचारल्याशिवाय, धर्माचं बोलणं काढायचं नाही, कारण खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही. 'येशूला मान म्हणजे आजार जाईल, कर्ज फिटेल' असं वचन कधीही द्यायचं नाही. असं बोलणारे प्रचारक कोकणात फिरतात, मी त्यांना माझ्या मंडळीत उभं राहू देत नाही. कोणी बाप्तिस्मा मागितला तर त्याला निदान वर्षभर शिकायला लावतो, आणि घरच्यांपासून लपवून काही करू नको असं सांगतो. याने संख्या वाढत नाही, वाढावी म्हणून मी हे करतही नाही. पेत्राने लिहिलंय की तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आदर नसेल तर उत्तर देऊच नका, असं मी त्यात माझ्याकडून जोडतो.

आता तुमच्या रविवारचं. जायचं नसेल तर मित्राला सरळ सांगा की नको, आणि कारण सांगायचं बंधन नाही. त्याने पुन्हा पुन्हा विचारू नये, हेही सांगा. येत्या गणपतीला तो तुमच्याकडे नेहमीसारखा आला पाहिजे. प्रसादाबद्दल त्याचा काही संकोच असला तर तो त्याच्या विश्वासाचा भाग आहे, त्याला तुमच्यावरचा रुसवा समजू नका. नाही म्हटल्यावर तो तुटला, तर तो शिष्यासारखा वागला नाही, आणि त्याच्या पाळकाने त्याला हे सांगायला हवं.

जावंसं वाटलं तर मोकळ्या मनाने जा, घरी सांगून जा. चपला बाहेर काढतात की नाही ते मंडळीगणिक वेगळं असतं, मित्राला विचारून ठेवा. मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहिलात तरी चालेल, बसून राहिलात तरी चालेल. दानाची थैली फिरते, ती मंडळीच्या लोकांसाठी असते, तुम्ही पुढे सरकवा. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण करण्याच्या विधीतली, भाकर आणि प्याला आला तर तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, तेव्हा नुसते बसून राहा, कोणी वाईट मानणार नाही. वाचायचंच असेल तर मार्कापासून सुरू करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, सोळा अध्यायांचं, एका दुपारी वाचून होतं. वाचताना जे पटणार नाही तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्या खुणा घेऊन मित्राशी भांडा. येशूबद्दल स्वतःहून बोलायला आलेल्या माणसाला एवढं भांडण पेलता आलं पाहिजे.